ओल्या पोरांसाठी कोरडे सल्ले

पोरी, न्यू जर्सीच्या थंडीत दोन पोरं घरात कोंडून ठेवणं कुठल्याच आईला जमलेलं नाही. तेव्हा त्यांना त्या मोठ्या मॉलमधल्या पाण्यात न्यायचं ठरवलंस ते बरंच केलंस. ईस्ट रदरफर्डचा ‘अमेरिकन ड्रीम’ आपल्या एडिसनपासून काही फार लांब नाही. त्यातला ‘ड्रीमवर्क्स वॉटर पार्क’ २०२० च्या ऑक्टोबरात उघडला. साडेआठ एकरांचा पसारा, सगळा छपराखाली. बाहेर बर्फ पडो नाही तर गारा, आत ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास. पोरं खूश होणारच, त्यांना काही शिकवायची गरज नाही. हे सांगणं तुम्हा दोघांसाठी आहे. उन्हाळ्यात तुझे सासू-सासरे यायचेत, त्यांना न्यूयॉर्क दाखवशील, तेही शेवटी जोडते. सगळं पाळलंच पाहिजे असं नाही. नवव्या सल्ल्याला मात्र सूट नाही.

१. तिकिटं काढायच्या आधी शेजाऱ्याची चौकशी कर. मॉलला लागूनच मेटलाइफ स्टेडियम आहे, जायंट्स आणि जेट्स दोघांचंही घर – सामना किंवा मोठी मैफल असेल त्या दिवशी पाऊण तासाच्या रस्त्याचे दोन तास होतात, आणि पार्किंगचा भावही चढतो.

२. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, त्या गुरुवार-शुक्रवारी जाऊ नकोस – राज्यभरच्या शाळा बंद, म्हणजे राज्यभरची पोरं पाण्यात. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्याचंही तेच. सुट्टी सगळ्यांची, तर रांगही सगळ्यांची.

३. दिवाळीची सुट्टी आपल्या एडिसनच्या शाळांना मिळते, सगळ्या गावांना मिळत नाही – दिवाळी कामाच्या दिवशी आली तर फराळ सकाळीच उरकून दुपारी निघा, रांग आखूड मिळेल. पार्क त्या वारी उघडा आहे का ते तेवढं बघून घे. भारतातल्या आजीला कळवायची घाई करू नकोस.

४. रविवारी जाणार असाल तर पोहण्याचे कपडे शनिवारी रात्रीच पिशवीत पडले पाहिजेत. बर्गन काउंटीत रविवारी कपडे विकायला जुन्या कायद्याने बंदी आहे – मॉलवरून तिथे वाद झालेत, कोर्टापर्यंत गेलेत. त्यांच्या भांडणात आपली चड्डी अडकायला नको.

५. कपड्यांचा रंग भडक घे. केशरी, पोपटी, डोळ्यांना टोचेल असा गुलाबी. निळा आणि पांढरा नको – निळ्या तळाच्या पाण्यात निळ्या कपड्यातलं पोर वरून दिसतच नाही. फोटोत गोड दिसतो म्हणून आकाशी घेतलास, तर तो फोटो मला पाठवू नकोस.

६. त्या दिवशी पोरांच्या केसांना तेल नाही, अंगाला क्रीम नाही, आणि पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर शॉवर. खराखुरा, अंग चोळून – तलावावर जो डोळ्यांत झोंबणारा वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. आपला घाम आणि लघवी क्लोरीनला मिळून जे क्लोरामाइन बनतं, त्याचा असतो. उघड्या तलावावर ते वाऱ्याने उडून जातं, छपराखाली डोक्यावरच रेंगाळतं. स्वच्छ पाण्याला वास नसतो, वास असतो तो माणसांचा.

७. धाकट्याचा दम्याचा पंप लॉकरमध्ये नको, हाताशी ठेव – छपराखालच्या त्याच हवेने खोकला उठतो, आणि लॉकर नेमका दुसऱ्या टोकाला असतो.

८. पोट बिघडलेलं पोर पाण्यात नाही. तिकिटाचे पैसे बुडाले तरी नाही – क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त टिकतो, आणि एकाच्या पोटातला प्रसाद मग साऱ्या तलावाला वाटला जातो. डॉक्टरांनी नेमकं त्याचंच नाव घेतलं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे कळ काढ. पोहण्याच्या डायपरवर तर मुळीच विसंबू नकोस. तो घट्ट तेवढं धरतो, पातळ सोडून देतो. तासातासाला बघ, आणि बदलायचा तो बाथरूममध्ये नेऊन, तलावाच्या काठावर नाही.

९. आता तो बिनसवलतीचा. पोरं पाण्यात असताना एका वेळी एकच मोठं माणूस पहाऱ्यावर, आणि ते तोंडाने बोलून ठरवायचं: “आता तू, अर्ध्या तासाने मी.” – दोघंही बघतायत असं दोघांनाही वाटतं तेव्हा कुणीच बघत नसतं.

यावर जरा थांबते. या देशात एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बुडणं हे आहे. आणि बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं हात हलवून “वाचवा” म्हणत नाही. तोंड पाण्याच्या रेषेला, मान मागे, अंग उभं, आणि आवाज नाही. श्वास घ्यायलाच सवड नाही, तर ओरडणार कुठून? म्हणून कानावर भिस्त ठेवायची नाही, डोळा ठेवायचा. धाकटा तर हात लांबवला की लागला पाहिजे, इतकाच दूर. डोळा पोरावर, पोर हातावर. लाइफगार्ड असतात आणि मन लावून काम करतात, पण त्यांच्या वाट्याला अख्खा तलाव असतो, तुझ्या वाट्याला दोनच डोकी. पहाऱ्यावर असेल त्याचा फोन दुसऱ्याने काढून घ्यायचा. जावईबापू “हो हो, बघतोय” म्हणतील. म्हणू देत, फोन मात्र घे.

१०. पहारा बदलताना “गेले मी” एवढं म्हणून उठायचं नाही, समोरच्याने “घेतला” म्हटल्यावरच उठायचं – मधल्या त्या अर्ध्या मिनिटात पोरं नेमकी खोल पाण्याकडे वळतात.

११. दंडात चढवायचे फुगे हे खेळणं आहे, लाइफ जॅकेट नाही – फुगा निसटतो, फुटतो, आणि पोराला उगाच वाटतं आपल्याला पोहता येतं. जॅकेटवर कोस्ट गार्डची मान्यता छापलेली बघ. घातल्यावर खांद्याला धरून वर उचल. ते कानापर्यंत सरकलं तर एक माप लहान घे.

१२. लाटांचं तळं दीड एकराचं आहे, आणि पोरांना तिथेच मधोमध उभं राहायचं असतं. लाटा चालू असताना काठच्या उथळ भागातच, आणि तोंड लाटेकडे – पाठीमागून आलेली लाट आधी पाय घेते, मग बाकीचं. लाटा सुरू व्हायच्या आधी सूचना देतात, ती कशी असते ते पोरांना आधीच विचारून ठेवायला सांग. लाइफगार्डला प्रश्न विचारायला पोरांना फार आवडतं.

१३. थोरलीची उंची घरीच मोज, अनवाणी. मोठ्या घसरगुंड्यांना सहसा ४८ इंच लागतात – जिने चढून रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर वरून परत पाठवलेल्या पोरीचं रडं साऱ्या मॉलला ऐकू जातं. मोजपट्टीला मामा-मावशी नसतात, तिथे ओळख चालत नाही.

१४. ‘थ्रिलागास्कर’ आणि ‘जंगल जॅमर’ या जोडघसरगुंड्या १४२ फूट उंचीच्या आहेत. वर एका पेटीत उभं करतात आणि पायाखालची फळी काढून घेतात – खाली जाताना पायावर पाय, हात छातीवर, डोकं टेकलेलं. उघडं राहिलेलं कोपर वळणावर हमखास आपटतं. हे जावईबापूंसाठी. पोरं खालून टाळ्या वाजवतायत म्हणून जायचं नसतं. जिना उतरून परत आलात तरी या घरात कुणी हसणार नाही. म्हणजे हसू, पण तुम्ही गेल्यावर.

१५. मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या घरीच – ओल्या बोटावरून अंगठी कधी निसटली कळत नाही, आणि गळ्यातली साखळी घसरताना अडकली तर मानेला झटका बसतो.

१६. तुझ्या कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरू नकोस – पाण्यातला एक अमीबा लेन्सखाली घर करतो आणि डोळा महिनोन्‌महिने छळतो. नंबरचा पोहण्याचा चष्मा मिळतो, तो घे. पोरं नीट दिसल्याशिवाय पहारा कसला?

१७. लॉकरच्या नंबराचा आणि गाडी कुठल्या पार्किंगात, कुठल्या मजल्यावर लावली त्या पाटीचा फोटो काढ. जावईबापूंना तोंडपाठ आहे म्हटलं तरी काढ – सकाळचा आकडा संध्याकाळी दमल्यावर आठवत नाही, आणि तो मॉल चालून संपत नाही.

१८. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा गाडीत ठेव आणि निघण्याआधी घरी पोटभर जेवू घाल – उपाशी पोराला आतलं सगळं हवं असतं, जेवलेल्याला त्यातलं एखादंच.

१९. दर दोन तासांनी पोरांना बाहेर काढून पाणी पाज. प्यायचं पाणी – उबदार हवेत खेळताना घाम येतोच, पण ओल्या अंगावर तो कळत नाही. संध्याकाळची डोकेदुखी आणि निम्मी चिडचिड ही तहान असते.

२०. त्याच इमारतीत ‘निकेलोडियन युनिव्हर्स’चे पाळणे आहेत आणि ‘बिग स्नो’मध्ये घरात पाडलेल्या बर्फावर स्कीइंगही आहे. एका दिवशी त्यातलं एकच – तिन्ही केलेल्या दिवसातलं पोरांना काहीच आठवत नाही, बिल मात्र आपल्याला आठवतं.

सासू-सासरे बरोबर असतील तर पुढचे चार जास्त मनावर घे. माणसं तोंडाने “आम्ही मजेत आहोत” म्हणतात. ते खरं मानायचं नसतं.

२१. पंजाबी ड्रेस किंवा सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. सासूबाईंना पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख आधीच आणून दाखव – दारात “चालत नाही” ऐकून घेण्यापेक्षा घरी आरशासमोर लाजलेलं बरं. मग बघ, लाटांच्या तळ्यातून त्यांनाच बाहेर काढावं लागेल.

२२. नुसतं बघायला बसणाऱ्यालाही बऱ्याच ठिकाणी तिकीट लागतं, ते आधी विचार – “माझ्यासाठी एवढे डॉलर कशाला?” हा वाद दारात सुरू झाला की दिवसभर पुरतो.

२३. पायात रबरी तळाचे, न घसरणारे पाण्याचे बूट. आणि प्रवासी विम्याचं कार्ड तुझ्या पाकिटात – ओल्या फरशीवर घसरलेलं माणूस इथल्या इमर्जन्सीत गेलं की पहिला प्रश्न विम्याचा येतो. त्या विम्यात जुनी दुखणी बहुतेक धरत नाहीत, तेव्हा रक्तदाबवाल्यांना घसरगुंडीचा आग्रह नको.

२४. त्यांना पिशव्यांवर राखण बसवू नकोस. पिशव्यांना लॉकर असतो – सातासमुद्रापलीकडून माणसं नातवंडांशी खेळायला आलीत, टॉवेल सांभाळायला नाही.

२५. पार्क बंद व्हायच्या तासभर आधी निघ – शेवटच्या भोंग्याला सगळा तलाव एकदम शॉवरकडे येतो, आणि तुझं पोर कुडकुडत सतराव्या नंबरवर उभं राहतं.

२६. केस पूर्ण कोरडे, टोपी डोक्यावर, मगच पार्किंग. पण जाड कोट घालून पोराला कारसीटमध्ये बांधू नकोस – फुगीर कोटावर पट्टा घट्ट वाटतो, धक्का बसला की कोट चेपतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा अंगाशी, मग कोट उलटा करून वरून पांघरायचा. थोरली मोठी झालीय असं तिला वाटतं, पण आठ वर्षांच्या आत आणि ५७ इंचांच्या खाली या राज्यात बूस्टर लागतोच.

२७. घरी पोचल्या पोचल्या पोहण्याचे कपडे साध्या गार पाण्यातून काढ आणि सावलीत वाळत घाल – क्लोरीन त्यातली लवचीकता खातं. पिशवीत रात्रभर राहिलेला ओला गोळा सोमवारी उघडायची पाळी ज्याच्यावर येते, तो पुढच्या सहलीला येत नाही.

आता शहर. इथे थोडक्यात सांगते, कारण न्यूयॉर्कला कुणाचे सल्ले पुरत नाहीत.

२८. शनिवार-रविवार असेल तर गाडी घरी ठेव आणि एडिसनहून रेल्वेने जा. शुक्रवार संध्याकाळी सातपासून सोमवार पहाटेपर्यंत तिकीट काढलेल्या एका मोठ्याबरोबर ११ वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट – आणि लिंकन टनेलमध्ये “आई, शू” हे शब्द ऐकावे लागत नाहीत.

२९. गाडी न्यायचीच असेल तर मॅनहॅटनचा नकाशा बघून ने. जानेवारी २०२५ पासून ६०व्या रस्त्याच्या खालच्या भागात शिरायला दिवसा ९ डॉलर पडतात – नॅचरल हिस्टरी म्युझियम ७९व्या रस्त्याला आहे, तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरून उतरून वरच्या वर पोचलं की हे पैसे वाचतात. पुलाचा टोल काही चुकत नाही.

३०. त्या म्युझियमला न्यू जर्सीकरांना स्वखुशीने द्यावे तेवढे पैसे चालतात, पत्त्याचा पुरावा मात्र बरोबर हवा – मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हीच सवलत न्यू जर्सीच्या फक्त विद्यार्थ्यांना आहे. दोन्हींत गल्लत करून खिडकीवर हुज्जत घालू नका. आत गेल्यावर आधी ९४ फुटी निळ्या देवमाशाखाली सगळ्यांना आडवं पडू दे. सासरेबुवांनाही. तिथे कुणी काही म्हणत नाही, आणि पायांना तेवढाच आराम.

३१. सबवेत ४४ इंचांपर्यंतची तीन मुलं एका मोठ्याबरोबर फुकट. इथे उंची कमी भरलेली चांगली. पण लिफ्ट सगळ्या स्टेशनांवर नाहीत – बाबागाडी न्यायची तर एका हाताने घडी होणारी ने, नाही तर धाकटा एका काखेत आणि गाडी दुसऱ्या.

३२. स्वातंत्र्यदेवी लांबून बघायची असेल तर स्टेटन आयलंडची फेरी बोट. १९९७ पासून तिला तिकीटच नाही – मॅनहॅटनहून जाताना उजव्या बाजूला उभे राहा, पुतळा तिकडून दिसतो. धक्क्याबाहेर कुणी तिकीट विकायला आलं तर हसून पुढे जायचं. पलीकडे सगळ्यांना उतरावंच लागतं, मग फिरून परत चढायचं, सासूबाईंना हे आधी सांग, नाही तर “एवढ्यात आलं?” म्हणून त्या सगळं सामान घेऊन उठतील.

३३. पाऊस लागला तर ब्रुकलिनचं ट्रान्झिट म्युझियम. १९३६ सालच्या, आता वापरात नसलेल्या सबवे स्टेशनातच ते मांडलंय – जुन्या डब्यांत पोरांना हवं तेवढं बसू-उठू देतात, आणि रेल्वेत नोकरी केलेले सासरे असतील तर त्यांनाही तिथून हलवणं कठीण.

३४. एवढं लांब जायचा कंटाळा आला तर जर्सी सिटीचं लिबर्टी सायन्स सेंटर आहेच. २०१७ साली तिथे पश्चिम गोलार्धातलं सगळ्यात मोठं तारांगण झालं – तारांगणाच्या खेळाची वेळ आत शिरताच पक्की करून घे, बाकीचं सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे बसतं. धाकट्याला अंधाराची भीती वाटते, तेव्हा दिवे मालवतानाच त्याला मांडीवर घे.

३५. आणि तिकिटं काढण्याआधी गावच्या वाचनालयात विचार. बरीच वाचनालयं म्युझियमचे पास पुस्तकांसारखे घरी देतात – पास वेळेत परत कर, उशीर झाला तर दंड पडतो. माझ्या कार्डावर नेलास तर तो दंड मावशी भरेल, असं समजू नकोस.